परक्याची सुट्टी

परदेशात नोकरीसाठी गेलेल्या माणसाला कामाचे दिवस सहसा जड जात नाहीत. कामाची एक चाकोरी असते आणि तिच्यात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत तो कोणाचा सहकारी असतो, कोणाचा वरिष्ठ असतो, कोणाला काही शिकवत असतो. सुट्टी लागली की ही सारी नाती कचेरीच्या दाराशी थांबतात. सहकारी आपापल्या गावच्या गाडीत बसतात, शेजारच्या दारांना कुलपे लागतात, आणि ज्याचे गाव समुद्रापलीकडे आहे त्याला आपल्या परकेपणाची खरी जाणीव होते. पारपत्रावर तो वर्षभर परदेशी असतो. मनाने परदेशी होतो तो सुट्टीच्या दिवशी.

या अनुभवाचा विचार करण्यासाठी बेंगळुरूसारखे दुसरे शहर भारतात क्वचितच सापडेल. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतींनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने येथे विमानांचा कारखाना काढला, तेव्हा त्याच्या उभारणीसाठी अमेरिकन तंत्रज्ञ आले. १९५१ साली मायको ही कंपनी जर्मन सहकार्याने सुरू झाली. १९९७ साली शहराजवळच्या बिडदी येथे किर्लोस्कर आणि टोयोटा यांची मोटार कंपनी स्थापन झाली आणि तिच्यामागून जपानी कुटुंबे आली. संगणकाच्या व्यवसायाने तर जगाच्या सर्व भागांतील माणसे येथे आणली. त्यांच्या कामाविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्यांच्या सुट्टीविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातील बेंगळुरू युरोपातून आलेल्या माणसाला प्रथम विलक्षण वाटते. थंडी अशी नाहीच. पहाटेचे तापमान पंधरा-सोळा अंशांच्या आसपास असते. १३ जानेवारी १८८४ या दिवशी येथे ७.८ अंश इतका पारा उतरला, तो आजवरचा नीचांक मानला जातो. तरीही रखवालदार, दूधवाले आणि सकाळी फिरायला निघालेले वृद्ध कानटोप्या घालून हिंडत असतात आणि हा पाहुणा अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात घाम पुसत असतो. हा फरक गमतीचा आहे. खरा फरक गजबजाटाचा आहे. जर्मनीत २४ डिसेंबरला दुपारनंतर दुकाने बंद होतात, रस्ते ओस पडतात आणि माणसे घरात एकत्र जमतात. २५ आणि २६ हे दोन्ही दिवस तेथे सुट्टीचे असतात. बेंगळुरूत २४ डिसेंबर हा कामाचा दिवस असतो. २५ तारखेला सुट्टी असली तरी ब्रिगेड रोड आणि कमर्शियल स्ट्रीट दिव्यांच्या माळांनी आणि माणसांनी फुलून जातात. नंदिनी दुधाच्या पिशव्या नेहमीप्रमाणे दाराशी पडतात, फूलवाली नेहमीच्या वेळी येते. ज्या सणाचा अर्थ त्याच्या मनात शांतता असा आहे, तोच सण येथे बाजाराचा झालेला त्याला दिसतो. जर्मनीतील घरी सायंकाळी सहा वाजता झाडाखालचे दिवे लागतात तेव्हा बेंगळुरूत रात्रीचे साडेदहा झालेले असतात. दिवसभर काम करून थकलेला माणूस त्या वेळी दूरध्वनीच्या पडद्यावर आपल्या आईवडिलांचे हसरे चेहरे पाहतो. पडदा बंद झाल्यावरची शांतता त्याच्या ओळखीची नसते.

जपानी माणसाचे दुःख वेगळ्या तारखेचे आहे. जपानने १८७३ साली पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली आणि तेव्हापासून १ जानेवारी हाच तेथील वर्षातला सर्वांत मोठा सण झाला. आपल्याकडील दिवाळीसारखे त्याचे स्थान आहे. घराची झाडलोट होते, पुढचे काही दिवस चुलीला विश्रांती मिळावी म्हणून गोडाधोडाचे डबे आधीच भरून ठेवले जातात, लेकीसुना माहेरी-सासरी जमतात. भारतात मात्र केंद्र सरकारच्या यादीत १ जानेवारी ही ऐच्छिक सुट्टी आहे, आणि बहुतेक कारखान्यांत तो साधा कामाचा दिवस असतो. जपानमध्ये मध्यरात्री वर्ष बदलते तेव्हा बेंगळुरूत रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. रस्त्यावरच्या गर्दीला नवे वर्ष यायला अजून साडेतीन तास असतात; या एका घरात ते येऊनही गेलेले असते.

या काळात बेंगळुरूला स्वतःचे सण नसतात असे मुळीच नाही. डिसेंबरच्या मध्यापासून धनुर्मास लागतो. महाराष्ट्रात ज्याला धुंधुरमास म्हणतात तोच हा महिना. पहाटे देवळांत पूजा होतात, गरम पोंगलचा प्रसाद द्रोणांत वाटला जातो. त्याआधी कार्तिकातील शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरून गेलेली असते. कचेरीतला एखादा सहकारी एके दिवशी काळी वस्त्रे नेसून, अनवाणी, कपाळाला गंध लावून कामावर येतो आणि परदेशी अधिकारी बुचकळ्यात पडतो. शबरीमलैच्या अय्यप्पाचे एकेचाळीस दिवसांचे व्रत या गृहस्थाने धरले आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. विचारावे की नाही हे त्यालाही कळत नाही. दोघे शेजारी शेजारी बसतात. एकाच्या मनात शबरीमलैचा डोंगर असतो, दुसऱ्याच्या मनात बर्फाने झाकलेले एखादे गाव. बोलणे मात्र कामापुरते होते. सुट्टीच्या दिवशी पडणाऱ्या अंतराचा पाया असा कामाच्या दिवशीच घातला जातो.

या एकटेपणावर बेंगळुरूने फार पूर्वी एक उपाय पाहिला आहे. १८०९ साली इंग्रजांनी जुन्या शहरापासून दूर आपली छावणी वसवली. छावणीत त्यांचे कवायतीचे मैदान होते, चर्च होते, क्लब होता, बागेने वेढलेले बंगले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये येथे आलेला विन्स्टन चर्चिल हा तरुण अधिकारी पोलो खेळून आणि इंग्लंडहून मागवलेले ग्रंथ वाचून आपला वेळ घालवत असे. क्लबाच्या खतावणीत त्याच्या नावावर तेरा रुपयांची थकबाकी राहिली, ती पुढे बुडीत धरण्यात आली. शहराला त्याची आठवण आहे ती बहुधा या तेरा रुपयांमुळेच. या मंडळींना नाताळात एकटे वाटण्याचे कारण नव्हते, कारण त्यांनी आपले गावच बरोबर आणले होते. त्या गावाला भिंत होती आणि भिंतीपलीकडे हजारो माणसे राहत होती. पण ती माणसे त्यांच्या लेखी नोकरचाकर किंवा बाजारकरी एवढीच होती.

छावणीचे राज्य १९४७ साली संपले. छावणीची रीत मात्र संपली नाही. शहराच्या पूर्वेला असलेले व्हाइटफील्ड हे १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेले खेडे होते. आज तेथे उंच कुंपणांच्या वसाहती आहेत, आणि त्यांतील अनेकींमध्ये परदेशी कुटुंबे राहतात. आत पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा आणि दुकाने असतात. मुलांची शाळाही फार दूर नसते. नाताळात आतल्या चौकात मोठे झाड उभारले जाते, कोणी लाल झगा घालून मुलांना खाऊ वाटते. यात वाईट काही नाही. परमुलखात राहणाऱ्या आईबापांना मुलांचा सण साजरा व्हावा असे वाटणारच. तरीही या सोयीची एक किंमत आहे. तीन वर्षे अशा वसाहतीत राहून परतलेल्या माणसाला बेंगळुरूचे हवामान आणि वाहनांची कोंडी एवढेच आठवत राहते. बेंगळुरूलाही तो आठवत नाही.

भिंत विटांचीच असते असेही नाही. १९३५-३६ च्या हिवाळ्यात माक्स बॉर्न हे जर्मन पदार्थवैज्ञानिक भारतीय विज्ञान संस्थेत आले, तेव्हाची हकिगत या दृष्टीने आठवण्यासारखी आहे. यहुदी वंशाचे म्हणून नाझी राजवटीने १९३३ साली त्यांना ग्योटिंगेन विद्यापीठातील पदावरून दूर केले होते. इंग्लंडमध्ये केंब्रिजला त्यांना आसरा मिळाला, पण तोही तात्पुरता होता. अशा वेळी संस्थेचे तत्कालीन संचालक चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना सुमारे सहा महिन्यांसाठी बोलावले. बॉर्न पत्नीसह आले. भारत त्यांना आवडला. त्यांना कायमचे प्राध्यापकपद द्यावे असे रामन यांना वाटत होते आणि तसा प्रस्ताव त्यांनी मांडला. त्या सभेत, बॉर्न यांच्या समक्ष, संस्थेतील एका इंग्रज प्राध्यापकाने उठून सांगितले की, स्वतःच्या देशातून हाकलून दिलेला दुय्यम दर्जाचा परदेशी माणूस या संस्थेला नको. ज्यांच्या घराशी बॉर्न पतिपत्नींनी स्नेहाने वागणूक ठेवली होती त्याच घरातून हे शब्द आले होते. घरी परतल्यावर आपल्याला रडू कोसळले, असे बॉर्न यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बोलणारा गृहस्थ स्वतःही सातासमुद्रापलीकडून आलेला होता. परंतु राज्य त्याच्या देशाचे असल्यामुळे त्याला परका म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. बॉर्न यांच्या पाठीशी कोणताच देश नव्हता, म्हणून ते परके ठरले. १९३६ साली एडिंबरा विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले आणि १९५४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते येथे राहिले असते तर भारतीय विज्ञानाचे काय झाले असते, हा तर्क करण्यात अर्थ नाही. मात्र याच शहराने पुढे १९५६ साली कुर्ट टांक या जर्मन विमानरचनाकाराला त्याच्या सहकाऱ्यांसह मानाने बोलावले, ही नोंद घेण्यासारखी आहे. बॉर्न यांना देशोधडीला लावणाऱ्या राजवटीच्या काळात याच टांक यांनी जर्मनीसाठी लढाऊ विमाने रचली होती. १९६१ साली आकाशात झेपावलेले ‘मरुत’ हे विमान त्यांच्या येथील कामाचे फळ होय. परका कोणाला म्हणायचे आणि पाहुणा कोणाला म्हणायचे, हे पुष्कळदा माणसाच्या गुणदोषांवर ठरत नाही. यजमानाच्या गरजेवर ते ठरते, आणि ही गरज कातडीच्या रंगाकडेही पाहते.

याचा कटू प्रत्यय ३१ जानेवारी २०१६ च्या रात्री आला. शहराच्या उत्तरेकडील हेसरघट्टा भागात एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीखाली एक स्थानिक स्त्री दगावली. त्यानंतर काही वेळाने तेथून एक टांझानियन विद्यार्थिनी आपल्या मित्रांसह दुसऱ्या मोटारीतून जात होती. अपघाताशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. जमावाने ती मोटार अडवली, तिला मारहाण केली आणि मोटार पेटवून दिली. सुदान आणि टांझानिया हे दोन वेगळे देश आहेत. त्यांच्या भाषा वेगळ्या, चालीरीती वेगळ्या. जमावाला त्यांतला एकही फरक ठाऊक नव्हता, कारण त्या वस्तीत राहणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांशी भाड्याच्या पैशांखेरीज कोणाचा कसलाच व्यवहार नव्हता. ज्याच्या घरी कधी चहा घेतला नाही, ज्याच्या सणाचे नाव कधी विचारले नाही, तो माणूस संकटाच्या क्षणी माणूस म्हणून डोळ्यांपुढे येत नाही. तो फक्त ‘त्यांच्यापैकी एक’ होऊन येतो.

सरकार परक्याची नोंद ठेवते. एकशे ऐंशी दिवसांहून अधिक काळासाठी नोकरीच्या परवान्यावर आलेल्या माणसाने चौदा दिवसांच्या आत नोंदणी करावयाची असते आणि घरमालकाने अशा भाडेकरूची माहिती चोवीस तासांच्या आत कळवावयाची असते. हे नियम आवश्यक आहेत. परंतु चोवीस तासांत नाव कळवणारा घरमालक चोवीस महिन्यांतही भाडेकरूला जेवायला बोलावत नाही, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. पुष्कळ कंपन्या नाताळच्या सुमारास समारंभ करतात, मनुकांचा केक कापतात, छायाचित्रे काढतात. ते ठीक आहे. समारंभातल्या केकने मात्र सुट्टीचा दिवस सरत नाही. त्याला एखाद्या घराचे उघडे दार लागते.

दोष एकट्या यजमानाचा नसतो, हेही सांगितले पाहिजे. बेंगळुरूत वर्षानुवर्षे राहूनही ‘कन्नड गोत्तिल्ल’, म्हणजे ‘कन्नड येत नाही’, या दोन शब्दांपलीकडे न गेलेले लोक पुष्कळ आहेत. त्यांत परदेशी आहेत तसे भारताच्या इतर प्रांतांतून आलेलेही आहेत. फूलवालीला भाव विचारण्यापुरती, रिक्षावाल्याला वळण सांगण्यापुरती भाषा शिकायला दोन महिने पुरतात. गुस्ताफ हेर्मान क्रुंबिगेल यांचे उदाहरण येथे देता येईल. हे जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झाले आणि १९०८ साली बेंगळुरूच्या लालबागेत आले. महायुद्धाच्या काळात जर्मन म्हणून त्यांना स्थानबद्धता सोसावी लागली. तरीही ते परत गेले नाहीत. एकामागून एक फुलत जाणारी झाडे रस्त्यांच्या कडेला लावण्याची दृष्टी शहराला दिल्याचे श्रेय त्यांना दिले जाते. आज हिवाळ्यात बेंगळुरूच्या रस्त्यांवर गुलाबी टॅबेबुयाचा सडा पडतो, तेव्हा ते झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. क्रुंबिगेल १९५६ साली याच शहरात वारले. लालबागेजवळच्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे.

जानेवारीच्या मध्यावर संक्रांत येते. महाराष्ट्रात तिळगूळ देतात, तसे कर्नाटकात ‘एळ्ळु बेल्ल’ वाटतात: तीळ, गुळाचे खडे, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे आणि डाळे यांचे मिश्रण, सोबत साखरेच्या साच्यातली चित्रे आणि उसाचे कांडे. नवी वस्त्रे ल्यालेल्या मुली ताटे घेऊन घरोघर जातात. नाताळात आणि १ जानेवारीला ज्याचे दार कोणी वाजवले नाही त्याच्या दारावर पहिली थाप पडते ती बहुधा या दिवशी. ज्या इमारतीत ही ताटे परदेशी कुटुंबाच्या दारापर्यंत पोचतात, तेथे पुढच्या डिसेंबरात त्या घरातला केकही शेजारी पोचतो. ज्या इमारतीत ताटे त्या दारावरून वळून पुढे जातात, तेथे सारे पूर्ववत चालू राहते. मुलींना त्या दारी न पाठवण्यामागे बहुधा वैर नसते, संकोच असतो. ‘त्यांना हे कळेल का?’ असे आईला वाटते. न कळले तर सांगता येते, इतकी साधी ही गोष्ट आहे.

मराठी माणसाला हा अनुभव उलट बाजूने ठाऊक आहे. आखातात वाहन चालवणाऱ्या रत्नागिरीच्या तरुणाला भाऊबीजेच्या दिवशी फेरी असते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्या करारान्वये जे तरुण तेथे जातील त्यांची दिवाळी नोव्हेंबरच्या धुक्यात, एखाद्या साध्या मंगळवारी किंवा बुधवारी उजाडेल आणि कामावर जाऊन मावळेल. लंडनमध्ये १९३२ सालापासून महाराष्ट्र मंडळ आहे. इतर शहरांतही मराठी मंडळे आहेत आणि त्यांनी अनेकांचे सण सुसह्य केले आहेत. पण या मंडळांतही कधी कधी छावणीचा वास येतो. ज्या मंडळाच्या फराळाला शेजारचा जर्मन किंवा अरब कधी येत नाही, त्या मंडळाने आपल्या माणसांचे एकटेपण फक्त एका सायंकाळीपुरते दूर केलेले असते.

आणि बेंगळुरूतल्या त्या कुंपणाच्या वसाहतींकडे पुन्हा पाहिले तर आणखी एक परदेशी माणूस दिसतो. तो आत राहत नाही, फाटकापाशी बसतो. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळच्या नागरिकाला येथे राहण्यास आणि काम करण्यास परवाना लागत नाही, म्हणून त्याची गणना परदेशी म्हणून कोणी करत नाही. त्याला कोणी पाहुणाही म्हणत नाही. पोखऱ्याच्या बाजूच्या गुरुंग समाजाचे नवे वर्ष ३० डिसेंबरच्या सुमारास सुरू होते. फाटकावरचा रखवालदार त्या समाजातला असेल, तर त्याचा सण आदल्या दिवशीच होऊन गेलेला असतो. ३१ डिसेंबरची रात्र ही त्याच्या वर्षातली सर्वांत लांब पाळी असते. आत गाणी चालू असतात, पाहुण्यांच्या मोटारी येत-जात राहतात. तो कानटोपी सावरून उभा राहतो, प्रत्येक मोटारीचा क्रमांक वहीत लिहून घेतो आणि फाटक उघडतो. आतला जर्मन अभियंता आणि हा रखवालदार, दोघेही परक्या मुलखात आहेत. दोघांचीही घरे त्या रात्री दूर आहेत. आत जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव वहीत आहे. वही लिहिणाऱ्याचे नाव मात्र आतल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते.